उलट्या पावलांची फेरी

लालबागच्या भारतमाता सिनेमासमोर उभे राहा. वाटाड्या आधी गिरण्यांची नावं घेईल, मग लांबवरचं एखादं धुराडं दाखवेल. दाखवू दे. धुराडं फोटोत छान येतं, पण गिरणगाव काही धुराड्यात राहत नव्हतं. ते चाळीत राहत होतं आणि पाळीच्या घड्याळावर चालत होतं. तेव्हा धुराड्यांचा नाद सोडा आणि माणसांच्या मागे चला. लालबागहून करी रोड, डिलाईल रोड, लोअर परळ आणि मग महालक्ष्मी. जसजसे पुढे जाल तसतशी वर्षं मागे जातील.

पहिलं पाऊल पडतं ते 18 जानेवारी 1982 ला. सोमवार आहे. पहिल्या पाळीची वेळ होऊन गेली तरी रस्त्यावर डबेवाल्या हातांची ती घाई नाही. गेटवर पोलीस आहेत, आत साचे थंड आहेत. सुमारे 60 गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार आजपासून संपावर. नाक्यावर जो तो ‘डॉक्टर’ काय म्हणाले ते सांगतोय. डॉक्टर म्हणजे संपाचे पुढारी दत्ता सामंत. तुमच्या शेजारी उभा आहे तो बदली कामगार. रोज पहाटे गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर चालत घरी; अशी त्याची वर्षं गेली आहेत. त्याला पगारवाढ हवी आहे आणि कायम व्हायचं आहे. आणखी एक गोष्ट हवी आहे, ती बाहेरच्यांना चटकन कळत नाही. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिलेला आहे, आणि त्या संघटनेवर ह्याचा विश्वास उरलेला नाही. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल, असं तो म्हणतो. तोवर गावी जाऊन शेतीचं बघतो. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. त्याला सांगू नका.

करी रोडचा पूल ओलांडून डिलाईल रोडला लागा. आता पन्नासचं दशक आहे. एखाद्या चाळीचा जिना चढा. दारावर माणसाचं नाव शोधाल तर सापडणार नाही, कारण ही खोली गावाची आहे. ह्याला गाळा म्हणतात. दहा-बाराच्या खोलीत वीसेक माणसं, भिंतीलगत ट्रंका, वर दोरीवर कपडे, खुंटीला भजनाचे टाळ. सगळी एकाच वेळी झोपली तर मावणार नाहीत, पण तशी वेळच येत नाही. पहिल्या पाळीचे उठून गेले की रातपाळीचे त्याच जागेवर वळकटी उलगडतात. घरं गावी आहेत, रत्नागिरीत, साताऱ्यात, कोल्हापूरकडे. तिथे मनीऑर्डर जाते आणि शिमग्याला, गणपतीला माणूस जातो. कोकणातला असेल तर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने.

जेवण कुठलं? बाजूच्या खोलीत डोकवा. पहाटेपासून स्टोव्ह पेटलेला आहे आणि एक बाई भाकऱ्या थापते आहे. ‘कुठल्या पाळीचे?’ एवढंच ती विचारते, नाव-गाव नंतर. पैसे पगाराच्या दिवशी. तिचा नवराही बहुधा गिरणीत, पण त्याच्या पगारात भागत नाही, म्हणून ही खाणावळ. किराणा उधारीवर आणि भांडवल सावकाराचं. गिरणगावच्या गोष्टीत ही बाई कायम चुलीशीच राहिली, मोर्च्याच्या फोटोत ती क्वचितच दिसते. माझ्या मते तिच्याशिवाय एकही पाळी वेळेवर भरली नसती. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी ह्याच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे हा धंदा कुणाच्या तरी हिशेबात आला.

लोअर परळ. फिनिक्स गिरणीचं धुराडं मॉलच्या दुकानांत अजून उभं आहे आणि पर्यटक त्याच्याखाली फोटो काढतात. तुम्ही डोळे मिटा, 1928 मध्ये उघडा आणि आसपासच्या कुठल्याही गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, शिरा. आधी कान जातात. शेकडो साचे एकदम चालू आहेत. इथे बोलणं हाताने आणि ओठांनी होतं. मग अंग चिकट होतं. हवा मुद्दाम दमट ठेवली आहे, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. माणसाला घाम फुटला तरी चालेल, धागा तुटता कामा नये. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन न येता उजेड येतो.

विणकराकडे नीट बघा. धोट्यातली कांडी संपली. तो नवी भरतो, धोटा तोंडाशी नेतो आणि छिद्रातून धागा ओठांनी ओढून घेतो. तोच धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला लागेल. ह्या एका ओढीमुळे अस्पृश्य कामगारांना साळखात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या कामावर, घेतलं जात नव्हतं. सूतकताईचं काम त्यांना मिळे, विणकामाचं नाही. आणि अडवणारे मालक नव्हते, बरोबरचे सवर्ण कामगार होते. ह्या वर्षीच्या संपात, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीडेक लाख कामगार बाहेर असताना, डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. गिरणगावच्या एकजुटीची कहाणी सांगताना पुष्कळ वाटाडे इथे पावलं भरभर टाकतात. तुम्ही थांबून विचारा.

आता दक्षिणेला वळा. 1908 चा जुलै वाटेत लागतो: टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली म्हणून गिरण्या सहा दिवस बंद आहेत. त्याच्याही मागे, 1905 च्या सुमाराला, खिडक्यांत रात्रीचा उजेड दिसतो. विजेचे दिवे आलेत. त्याआधी काम सूर्यावर चाले, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. दिव्यांनी मालकांना सूर्याच्या पुढची वेळ मिळवून दिली आणि काही गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. प्रौढ पुरुषांच्या तासांना कायद्याने मर्यादा घातली ती 1911 मध्ये, आणि तीही बारा तासांची.

महालक्ष्मीला पोचलात की 24 एप्रिल 1890 आहे. मैदानात दहा हजारांच्या आसपास गिरणी कामगार जमले आहेत. सभा बोलावली आहे नारायण मेघाजी लोखंडे यांनी. गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेले, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. 1884 मध्येच त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं होतं. त्यात आठवड्याला एक सुट्टी मागितली होती, दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली होती. सहा वर्षं झाली, सुट्टी अजून नाही. दोन कामगार बाया बोलायला उभ्या राहतात. 1890 मध्ये, दहा हजारांपुढे. त्यांचं भाषण संपेपर्यंत तरी जागचे हलू नका.

10 जूनला गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. गिरणगावच्या फेऱ्या बहुधा रविवारी सकाळी निघतात, कारण त्या दिवशी आपण मोकळे असतो. तुमची फेरी मॉलच्या धुराड्यापाशी संपत असेल, तर वाटाड्याला महालक्ष्मीपर्यंत न्यायला सांगा.