बास्केटबॉल आणि आबिटूर : अमेरिकन कॉलेज की जर्मन क्लब?



आपली मुले जर्मनीत फेराइनमध्ये खेळायला लागतात, ती बहुधा व्यायाम व्हावा आणि मित्र मिळावेत म्हणून. पण एखादे मूल खरोखरच चांगले खेळू लागते आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी प्रशिक्षक विचारतात, "पुढे काय ठरवलंय?" आपण पडलो दहावी-बारावी-इंजिनिअरिंग या एकाच रुळावरून आलेली माणसे! खेळ म्हणजे अभ्यास झाल्यावरची गोष्ट, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले. म्हणूनच अशा पालकांसाठी ही माहिती एकत्र करत आहोत.

दोन देश, दोन पद्धती

अमेरिकेत खेळ शाळा-कॉलेजात राहतो. कॉलेजचा संघ, कॉलेजचेच मैदान, शिष्यवृत्तीही कॉलेजची. तिथून एनबीएच्या निवडीत, म्हणजे 'ड्राफ्ट'मध्ये जायचे. जर्मनीत शाळेचा आणि स्पर्धात्मक खेळाचा संबंध कमी. इथे सगळे क्लबमध्ये चालते. १६ वर्षांखालील मुलांसाठी जेबीबीएल आणि १९ वर्षांखालील मुलांसाठी एनबीबीएल या देशपातळीवरच्या लीग आहेत. त्यांच्या वर प्रो-बी, प्रो-ए आणि शेवटी बुंडेसलिगा. चांगला मुलगा सतराव्या-अठराव्या वर्षीच मोठ्या, पगारी खेळाडूंबरोबर खेळू लागतो.

कोण कुठल्या वाटेने गेले?

डेटलेफ श्रेम्फ वॉशिंग्टन विद्यापीठातून खेळले आणि १९८५ च्या ड्राफ्टमध्ये ८ वे निवडले गेले. डर्क नोविट्स्की मात्र वुर्झबुर्गच्या क्लबकडून दुसऱ्या श्रेणीत खेळत होते. १९९८ मध्ये सॅन अँटोनियोला युवा खेळाडूंच्या सामन्यात त्यांनी ३३ गुण केले. त्यानंतर अमेरिकन कॉलेजे मागे लागली, पण ते कॉलेजात न जाता त्याच वर्षी ९ व्या क्रमांकावर थेट एनबीएत गेले. पुढे डॅलसकडून २१ मोसम आणि २०११ चे विजेतेपद! डेनिस श्र्योडरही ब्राउनश्वाइगच्या क्लबमधूनच २०१३ मध्ये १७ वे निवडले गेले.

बर्लिनच्या वाग्नर बंधूंनी उलट केले. दोघेही आल्बा बर्लिनमध्ये तयार झाले आणि नंतर मिशिगन विद्यापीठात गेले. मोरित्झ २०१८ मध्ये २५ वा, तर फ्रान्झ २०२१ मध्ये ८ वा निवडला गेला.

मुलींचेही तसेच. २०२० च्या डब्ल्यूएनबीए ड्राफ्टमध्ये दुसरी आलेली साटू सबाली ओरेगन विद्यापीठाची. लिओनी फीबिश कॉलेजला न जाता युरोपातल्या क्लबांतून खेळत राहिली आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्क लिबर्टीबरोबर विजेती ठरली.

म्हणजे दोन्ही वाटांनी माणसे पोचली आहेत. पण या यादीने हुरळून जाऊ नये. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये सगळ्या जगातून वर्षाला जेमतेम ६० नावे निघतात. आपल्या पंजाबचा सतनामसिंग २०१५ मध्ये ५२ वा निवडला गेला, भारतात जन्मलेला असा पहिलाच. तोही कॉलेजला गेला नव्हता, आणि एनबीएच्या नियमित मोसमात त्याला एकही सामना मिळाला नाही. उलट आंद्रेयास ओब्स्ट एनबीएत कधीच खेळला नाही, पण २०२३ च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात २४ गुण करून तो जर्मनीसह जगज्जेता झाला. एनबीए नाही म्हणजे सगळे संपले, असे मुळीच नाही.

पैशाचे गणित बदलले आहे

पूर्वी कॉलेजात फक्त शिष्यवृत्ती मिळे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले आणि जुलै २०२५ पासून कॉलेजे थेट पैसे देऊ शकतात. परिणाम दिसतोच आहे. बुंडेसलिगात खेळलेले हानेस श्टाइनबाख आणि इव्हान खारचेन्कोव हे तरुण २०२५ मध्ये अनुक्रमे वॉशिंग्टन आणि ॲरिझोना विद्यापीठात गेले. मात्र एक मेख आहे. परदेशी विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसावर काम करण्यावर कडक बंधने असतात. त्यामुळे कोणी मोठा आकडा सांगितला, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे.

पालकांनी काय बघावे?

१. आबिटूर सोडू नये. ते हातात असेल तर खेळ थांबला तरी जर्मन विद्यापीठाचे दार उघडे राहते, आणि सरकारी विद्यापीठात शिक्षणाचा खर्चही फार नाही. आउसबिल्डुंग किंवा दूरशिक्षणाने पदवी, या वाटाही क्लबच्या खेळाडूला जमतात.

२. नववीपासूनची गुणपत्रके जपावीत. अमेरिकन कॉलेज खेळाची संघटना एनसीएए नववीपासूनचे ठरावीक १६ विषय मोजते. शाळा संपल्यावर वर्षे वाया गेली तर खेळण्याची पात्रताही घटू शकते.

३. करारावर सही करण्याआधी तो नीट वाचावा. क्लबच्या पगारी कराराचा कॉलेजच्या पात्रतेवर परिणाम होऊ शकतो. एनसीएएचे नियम सध्या वरचेवर बदलत आहेत, तेव्हा लेखी खुलासा घ्यावा.

४. पासपोर्टचा विचार लवकर करावा. फिबाच्या नियमाप्रमाणे १६ वर्षांनंतर नागरिकत्व मिळालेला एकच खेळाडू राष्ट्रीय संघात घेता येतो. दुसरीकडे, भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, ओसीआय कार्ड चालत नाही. आपल्या घरांत हा निर्णय "बघू पुढे" म्हणून राहतो आणि मूल सोळा वर्षांचे होऊन जाते.

५. नावापेक्षा खेळायला मिळणारी मिनिटे बघावीत. मोठ्या कॉलेजच्या बाकावर बसण्यापेक्षा प्रो-बीमध्ये रोज खेळणे बरे. उलटही खरे आहे. क्लब जर नुसते सरावाला बोलवत असेल, तर कॉलेज चांगले.

थोडक्यात काय, कॉलेज म्हणजे सुरक्षित आणि क्लब म्हणजे जुगार, हा आपला समज इथे लागू पडत नाही. जर्मनीत अठराव्या वर्षापर्यंत खेळ आणि शाळा दोन्ही चालू ठेवता येतात, तेव्हा तोपर्यंत एकही दार आपल्या हाताने बंद करू नये. आणि हो, शेवटी खेळायचे मुलाला आहे. त्याला काय वाटते, हे सगळ्यात आधी विचारावे.

आपल्या खेळाडूंना मनापासून शुभेच्छा!