कळ आणि अक्षर

यंत्र आणि लिपि यांची गांठ पडली म्हणजे दोघांपैकीं एकाला वांकावें लागतें. देवनागरीच्या अर्वाचीन इतिहासांत बहुतेक वेळां वांकली ती लिपि. लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’च्या छपाईसाठीं खिळ्यांची संख्या कमी करण्याचा उद्योग आरंभिला, सावरकरांनीं ‘अ’ची बाराखडी सुचविली, तींतहि छापखान्याची सोय हा एक मोठा हेतु होता. टंकलेखनयंत्रानें याच्याहि पुढें मजल मारली. रेमिंग्टन कंपनीनें १८७४ मध्यें इंग्रजीसाठीं बाजारांत आणलेल्या यंत्राच्या सांगाड्यांतच पुढें देवनागरी कोंबण्यांत आली. ‘ग’ काढावयाचा तर आधीं त्याचें अर्धें रूप आणि मग काना. ‘कि’ लिहावयाचें तर वेलांटी आधीं आणि ‘क’ मागाहून. जो स्वर मुखांतून नंतर निघतो तो बोटांनीं आधीं उमटवावा लागे. कारण यंत्राला कागदावरचा क्रम कळत होता, वाणीचा नव्हे.

संगणकानें हें संकट दूर होईल असें वाटणें साहजिक होतें. परंतु प्रथम तें वाढलेंच. १९६३ च्या अमेरिकन संकेतांत एकूण १२८ जागा होत्या. त्यांत देवनागरीस एकहि नव्हती. तेव्हां फाँट करणारांनीं युक्ति काढली: रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचीं चित्रें बसविलीं. पडद्यावर मराठी दिसे, यंत्राच्या पोटांत मात्र रोमन अक्षरांची खिचडी. फाँट हरवला कीं मजकुराचा अर्थच नाहींसा! आमच्या बिबवेवाडींतील लग्नपत्रिका करून देणाऱ्या दुकानांतहि ही जुनी राजवट अजून पुरती संपलेली दिसत नाहीं.

या अनागोंदींतून वाट काढण्याचें काम प्रथम कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें व पुढें १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत झालें. इनस्क्रिप्ट नांवाची कळफलकाची रचना १९९१ च्या भारतीय मानकांत समाविष्ट झाली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनें, आणि क्रम उच्चाराचा: ‘क’ आधीं, वेलांटी नंतर, ती योग्य जागीं बसविण्याचें काम यंत्राचें. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडनेंहि देवनागरीची मांडणी १९८८ च्या भारतीय संकेतावरून घेतली. इतक्या वर्षांत प्रथमच यंत्र वांकलें.

मग प्रश्न सुटला काय? खरी मेख येथेंच आहे. कळ दाबली असतां संगणकाला इतकेंच कळतें, कीं अमुक क्रमांकाची कळ खालीं गेली. तिचें अक्षर कोणतें, हें निवडलेला कळफलक ठरवितो. विंडोजमध्यें तर या दोन वार्ता आज्ञावलीस निरनिराळ्या पोंचतात: एक कळेची, दुसरी अक्षराची. इंग्रजींत त्या बहुधा जोडीनें चालतात. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्यास दोन्ही एकच वाटतात. मराठींत ही समजूत फसते. इनस्क्रिप्टवर ‘क्ष’ची एकच कळ दाबली तरी ‘क’, हलन्तचिन्ह आणि ‘ष’ असे तीन संकेत येतात. ‘श्रीकृष्ण’ या नांवांत आपण अक्षरें मोजतों तीन. संगणक मोजतो नऊ. ज्यानें नांवाच्या रकान्यास आठांची मर्यादा घातली, त्यानें श्रीकृष्णाचा ‘ण’ कापलाच म्हणून समजावें.

आचार्यांना दक्षिणा द्यावी आणि आचाऱ्यांना मजुरी, हा भेद एका रकाराच्या रूपावर अवलंबून आहे. युनिकोडमध्यें दुसऱ्या शब्दासाठीं टिंबाचा ‘ऱ’ योजावा लागतो. ‘ॲ’ला तर स्वतःची जागा मिळाली ती २००८ सालीं. अशा जागा आपोआप मिळत नाहींत. त्या भाषेच्या लोकांनीं मागून घ्याव्या लागतात.

आमच्या प्राचीन शिक्षाकारांनीं स्वराला अक्षराचा आधार मानलें आणि त्याच्याभोंवतीं व्यंजनें बसविलीं. आज्ञावली लिहिणाऱ्या आमच्या तरुणांनीं हा विचार शाळेंत एकदां ऐकलेला असतो. पण नोकरीस लागतांच ते कळा मोजूं लागतात. टिळकांच्या पिढीपुढें यंत्र हट्टी होतें, म्हणून तिला लिपीशीं तडजोड करावी लागली. आजचें यंत्र तसें नाहीं. त्याला अक्षर म्हणजे काय हें सांगितलें तर तें ऐकतें. तें सांगण्याचें काम मराठी जाणणारांचें आहे, आणि तें त्यांनीं टाळलें तर आपल्या नांवांची मोडतोड होत राहील.