कसा आहे हो पिक्चर?

सिनेमावर मत द्यायचे तर तो पाहिलेला असावा लागतो, असा एक गैरसमज आहे. गिरगावातल्या आमच्या चाळीत तो कधी रुजला नाही. संध्याकाळी दोन माणसे गॅलरीच्या कठड्याला रेलली, की पहिला प्रश्न "नळ आला का?" आणि दुसरा "कसा आहे हो पिक्चर?" पहिल्याचे उत्तर नळ पाहून द्यावे लागे. दुसऱ्याला तसली अट नव्हती.

आणि गिरगावकराने सिनेमावर बोलायचे नाही, तर बोलायचे कोणी? फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला तो इथल्या कॉरोनेशनमध्ये. तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण सिनेमात काम करायला बाईमाणूस मिळेना. मुंबईत चित्र चालले. सुरतेला मात्र पहिल्या दिवशी गल्ल्यात तीन रुपये पडले म्हणतात. मग फाळक्यांनी जाहिरात केली, की ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सगळे फक्त ३ आण्यांत! लोक लोटले. कापडाच्या पेठेत माल वारावर विकायचा असतो, हे त्या नाशिककराने ओळखले. चित्र चांगले आहे हे मालकाने सांगून कोणी येत नाही. शेजाऱ्याने म्हणावे लागते, "दोन मैल लांब आहे म्हणे!" ह्यातला 'म्हणे' फार महत्त्वाचा. आपला सगळा चित्रपटधंदा त्या 'म्हणे'वर उभा आहे.

आमच्या घरात हा 'म्हणे' आजोबांपासून चालत आला. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला बोलपट लागला तोही आमच्याच मॅजेस्टिकमध्ये. गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले, आणि चार आण्यांचे तिकीट ब्लॅकमध्ये चार-पाच रुपयांना गेले. आजोबांनी तो पाहिला होता. निदान तसे ते सांगत. त्यांचे मत एका वाक्याचे होते : "गाणी सात, पण आपला मास्टर विठ्ठल बोलला कमी." चाळीत कोणी नवे बिऱ्हाड आले, की महिन्याभरात त्याच्या कानावर हे वाक्य जाई. दुर्दैवाने 'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही. पडद्यावरचे सगळे गेले. उरले काही फोटो आणि आमच्या आजोबांचे मत. ते बरोबर होते की चूक, हे आता ब्रह्मदेवालाही पडताळून पाहता येणार नाही. परीक्षकाला ह्याहून मोठे भाग्य ते कोणते?

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा सिनेमा 'संत तुकाराम'. प्रभातचा हा बोलपट १९३६ साली सेंट्रलला लागला आणि वर्षाहून अधिक काळ हलला नाही. १९३७ साली व्हेनिसपर्यंत त्याचे नाव झाले. अण्णा तेव्हा शाळकरी. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. "लुगडं नेसणारा माणूस कसला तुकोबा होतोय, असं आधी आमच्या वर्गातसुद्धा म्हणत होते," अण्णा सांगत, "आणि पडद्यावर पाहिल्यावर? देवघरातल्या तसबिरीतसुद्धा आम्हाला पागनीसच दिसायला लागले!" ह्यानंतर अण्णांनी पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची उंची तुकारामाशी पाठ लावून मोजली गेली. कोणीच खांद्याच्या वर गेला नाही.

आणि मग १९७५ साल उजाडले. त्या वर्षी बी. एस्सी.ला माझी दांडी उडाली. अण्णा ओरडले असते तर बरे झाले असते; त्यांनी बोलणेच सोडले. एका खोलीत आम्ही चौघे, आणि अण्णांचा निरोप मला आईमार्फत : "त्याला म्हणावं, दिवा मालव." मी दिव्याखालीच बसलेला असे.

१५ ऑगस्टला लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हाला 'शोले' लागला. मी दोनदा रांगेत उभा राहून हात हलवत परत आलो. पण रांग ही काही फुकट जात नाही. रांगेत मते मिळतात. "पडला रे पडला!" "तो नवा डाकू बघ, आवाजात दम नाही." चित्रपटाच्या बाजारातले जाणते लोकसुद्धा त्या आठवड्यात हेच म्हणत होते. खुद्द निर्मात्यांनी घाबरून शेवट बदलायचा, जयला जिवंत ठेवायचा विचार केला होता, हे पुढे प्रसिद्ध झाले. मग माझ्यासारख्याने किती धीर धरावा?

त्याच रात्री जेवताना आईने विचारले, "काय रे, तो 'शोले' कसा आहे?" तिने आयुष्यात सिनेमाची चौकशी केली नव्हती. पण मला कुठला संशय येतोय! मी तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो, "टुकार. डाकूचा आवाज अगदीच बारीक. पैसे फुकट." अण्णा मान खाली घालून भात कालवत होते.

मला कळले ते चार महिन्यांनी. अण्णांनी कचेरीतल्या कोणाच्या तरी ओळखीने शनिवारची दोन तिकिटे मिळवली होती. एक त्यांचे, एक माझे. बोलायला काही निमित्त हवे होते. माझे मत ऐकून त्यांनी ती दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याला देऊन टाकली. आई म्हणाली, "तुला आवडला नाही म्हटल्यावर कशाला, म्हणाले."

तोपर्यंत गावभर गब्बरचे संवाद पाठ झाले होते. ज्या आवाजात दम नव्हता त्याच्या संवादांच्या तबकड्या लग्नाच्या मांडवात वाजत होत्या. चाळीतली बारकी पोरे मला जिन्यात अडवून विचारत, "कितने आदमी थे?" एक होता, आणि गाढव होता, एवढेच उत्तर मला सुचे.

पण 'शोले'चे एक उपकार आहेत. तो मिनर्व्हाला पाच वर्षांहून अधिक टिकला. चूक दुरुस्त करायला एवढी मुदत सहसा मिळत नाही. १९७७ साली मी पास होऊन नोकरीला लागलो आणि पहिल्या पगारात बाल्कनीची दोन तिकिटे काढली. अण्णांसमोर ठेवली आणि खरे काय ते सांगून टाकले, "अण्णा, तेव्हा मी पाहिलाच नव्हता."

अण्णांनी चष्म्यावरून पाहिले. म्हणाले, "माहीत होतं. तिकीट मिळालं असतं तर तू गाणी म्हणत आला असतास."

माहीत होते, तरी त्यांनी तिकिटे का दिली, हे मी विचारले नाही. बहुधा पोराचे मत पोराच्या शेजारी बसून खोटे पाडणे त्यांच्या जिवावर आले असावे.

साडेतीन तास ते हलले नाहीत. अमिताभ मेला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. बाहेर पडल्यावर लॅमिंग्टन रोडने आम्ही चालत निघालो. दोन वर्षांचे साठलेले बोलणे एकदम कुठून काढायचे? शेवटी मीच विचारले, "कसा आहे हो पिक्चर, अण्णा?"

अण्णा चार पावले गप्प. मग म्हणाले, "बरा आहे. पण तुकारामाची सर नाही."

आणि घर येईपर्यंत ते बोलतच राहिले.