शोध जपानचा, पसंती भिवंडीची

भिवंडीच्या गोदामांत उतरणाऱ्या खोक्यांवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा ठसा आढळतो. तसाच ठसा बाहेरच्या चहाच्या टपरीवरही टांगलेला असतो. हा 'क्यूआर कोड' मूळचा जपानचा. टोयोटा समूहातील डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तो तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू. ग्राहकाच्या खिशाशी त्याचा तेव्हा संबंध नव्हता.

गंमत अशी, की खुद्द जपानी ग्राहक रोख रकमेला दीर्घकाळ चिकटून राहिला. मोबाइलवर इंटरनेट देणारी 'आय-मोड' सेवा तेथे १९९९ मध्येच आली, रेल्वेचे 'सुइका' कार्ड २००१ मध्ये आणि मोबाइललाच पाकीट बनविणारी सोय २००४ मध्ये. तरीही रोखीविना व्यवहार एकूण खासगी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत नेण्याचे सरकारी उद्दिष्ट गाठण्यास २०२४ साल उजाडले. त्या वर्षी हे प्रमाण ४२.८ टक्के झाले. चोऱ्यामाऱ्या कमी, कोपऱ्यावरच्या दुकानातही एटीएम, कार्डाचे शुल्क छोट्या दुकानदाराला जड आणि वृद्धांची संख्या मोठी, अशी त्याची कारणे सांगितली जातात. घडीचा मोबाइलही तेथे बराच काळ टिकला आणि फॅक्सही. सरकारी कामकाजातील फ्लॉपीची सक्ती तर २०२४ मध्ये संपली. तंत्रज्ञानवेडा देश ही जपानची प्रतिमा अर्धीच खरी म्हणावी लागेल.

हाच न्याय भिवंडीलाही लागू पडतो. टोयोटा घराण्याची सुरुवात मोटारींपासून नव्हे, तर मागापासून झाली. साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग न थांबता धोटा बदलत असे व धागा तुटताच आपोआप थांबत असे. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांना विकत घेतले. आज शंभर वर्षांनंतरही भिवंडीत साधे यंत्रमाग मोठ्या संख्येने खडखडत आहेत. कांडी संपली की कामगाराने माग थांबवायचा, धोट्यात नवी कांडी घालायची आणि पुन्हा माग सुरू करायचा.

याला कारखानदाराचा आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. येथील अनेक कारखाने लहान, माग जुने विकत घेतलेले आणि काम मजुरीवर. सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच. कारखानदाराच्या वाट्याला फक्त विणाईचा दर. त्यातून वीजबिल आणि कामगारांचे पगार भागवून बिनधोट्याच्या मागाचे हप्ते फेडणे अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे. तंत्रज्ञान सुधारणेसाठी केंद्राने १९९९ मध्ये अर्थसाह्याची योजना आणली खरी. पण अनुदान मिळाले तरी उरलेली रक्कम उभारावीच लागते.

क्यूआर कोडचे गणित वेगळे. त्याचे पेटंट डेन्सोकडे होते, परंतु ठरलेल्या मानकानुसार तो वापरणाऱ्यांकडून कंपनीने मोबदला घेतला नाही. भारतात २०१६ मध्ये 'यूपीआय' आले आणि टपरीवाल्याचे काम छापील कागदाच्या तुकड्यावर भागले. ना कर्ज, ना तारण. मागाच्या बाबतीत असा कागद अजून निघालेला नाही.