पाट्याचा विळा आणि सालाथेची मेख

लहानपणी धुळ्यात रस्त्याकडेला घिसाड्यांची पालं पडली की आजी विळा घ्यायला जायची आणि एकच प्रश्न विचारायची, "पाट्याचा आहे ना रे भाऊ?" पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीचा. साध्या लोखंडाच्या विळ्याची धार लगेच जाते, पाट्याच्या विळ्याची टिकते. का, ते मला पुढे इंजिनीयरिंगला कळलं. असो.

हे आठवलं ते जॉन सालाथेमुळे. जन्म १८९९, स्वित्झर्लंडचा, धंद्याने लोहार. पुढे कॅलिफोर्नियात सॅन मॅटिओला याचं लोखंडकामाचं दुकान होतं. कडे चढायला लागला तो पंचेचाळिशीत! (आपले गुडघे तिशीतच कुरकुरतात. मी तर लळिंगच्या किल्ल्यापलीकडे काही चढलेलो नाही.)

तेव्हा भेगेत ठोकायच्या मेखा, म्हणजे पिटॉन, मऊ लोखंडाच्या असत. आल्प्समधल्या चुनखडीत त्या वाकून घट्ट बसत. योसेमिटीच्या कडक ग्रॅनाइटमध्ये मात्र आत जायच्या आधीच मुडपत, आणि काढल्या की भंगार. मग हजार फुटांच्या कड्यावर मेखा न्यायच्या तरी किती? सालाथेने भट्टी पेटवली आणि मिश्र पोलादाच्या मेखा घडवल्या. जुन्या मॉडेल ए फोर्डच्या अ‍ॅक्सलपासून, असं सांगतात. म्हणजे पाट्याचा विळाच की! मागच्याने मेख काढायची, पुढच्याने परत ठोकायची. १९४७ मध्ये अँटन नेल्सनबरोबर तो पाच दिवसांत लॉस्ट अ‍ॅरो सुळका चढला. १९५० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, अ‍ॅलन स्टेकबरोबर सेंटिनेलची उत्तर भिंत, तीही भर उन्हाळ्यात, घसा कोरडा पडलेला असताना.

त्याच्यापासून स्फूर्ती घेऊन इव्हॉन शुइनार्डने १९५७ मध्ये भंगारातून एक भट्टी आणली आणि जुन्या हार्वेस्टरच्या पात्यातून पहिल्या मेखा ठोकल्या. पॅटागोनिया कंपनीवाला, तोच हा.

गंमत पुढे आहे. तीच ती कडक मेख शेकडो लोकांनी ठोकून, काढून, परत ठोकून ग्रॅनाइटच्या भेगा फुटायला लागल्या. १९७२ च्या कॅटलॉगमध्ये शुइनार्डने स्वतःच लोकांना मेखा सोडून हातोडीविना अडकवायचे अ‍ॅल्युमिनियमचे चोक वापरायला सांगितलं. आपलाच चालता धंदा मोडणं सोपं नसतं. सालाथेला मी दोष देणार नाही, त्याच्या काळी तिथे चढणारे होतेच किती?

एल कॅपिटनवरच्या एका मार्गाला सालाथे वॉल म्हणतात. तो १९६१ मध्ये रॉबिन्स, प्रॅट आणि फ्रॉस्ट चढले, आणि हे नाव दिलं ते शुइनार्डने. सालाथे १९९२ मध्ये वारला. त्या भिंतीवर तो कधीच चढला नव्हता.