किंमत आणि हप्ता

गतवर्षी एका रविवारी आम्ही सहकुटुंब के. आर. पुरमच्या झुलत्या पुलाजवळील एका मोटारींच्या दुकानी गेलो. तेथील तरुण विक्रेत्याने आम्हांस आदराने बसविले, चहा मागविला, आणि आम्ही गाडीची किंमत विचारण्यापूर्वीच आम्हांस प्रश्न केला, "सर, महिन्याला किती जमेल?" आम्ही किंमत विचारली, त्याने हप्ता सांगितला. आम्ही पुन्हा किंमत विचारली. त्याने वर्षे वाढवून हप्ता कमी करून दाखविला. त्याच्या वागण्यात लबाडी नव्हती. त्याला तसेच शिकविलेले होते.

विकत घेणाऱ्याने किंमत विचारावी, विकणाऱ्याने ती सांगावी आणि मग दोघांनी घासाघीस करावी, हा बाजाराचा जुना शिरस्ता. तो उलटला केव्हा आणि कसा, याचा विचार करीत आम्ही घरी परतलो. त्या विचारातून जे थोडेफार वाचन घडले, ते परमुलखी नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ज्या गावात आम्ही हा सौदा करावयास निघालो होतो, त्या गावाचाच एकदा सौदा झालेला आहे, आणि विकणारा मराठा होता. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांमागे व्यंकोजीराजांकडे ते राहिले. परंतु तंजावर हाती आल्यावर एवढ्या दूरच्या ठाण्याचा सांभाळ त्यांना जड वाटू लागला. तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी बोलणे होऊन बंगळूरची किंमत तीन लक्ष रुपये ठरली. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच, १६८७ मध्ये, मोगलांचा सरदार कासीमखान चालून आला व त्याने ठाणे घेतले. मग चिक्कदेवराजांनी त्याच तीन लक्षांस ते कासीमखानाकडून मिळविले, असे इतिहासकार सांगतात. किंमत ठरली दोघांत, पैसा गेला तिसऱ्याच्या पदरी! या तिसऱ्या पक्षाची वाचकांनी आठवण ठेवावी. मोटारीच्या इतिहासात तो पुन्हा भेटणार आहे.

मोटारीचा कारखाना या देशात उभा राहावा म्हणून ज्यांनी प्रथम नेटाने खटपट केली, त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या अग्रेसर होत. खडकवासल्याच्या धरणाच्या स्वयंचलित दारांमुळे ते पुणेकरांस परिचित आहेतच. त्यांची योजना पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी हाती घेतली. मुंबईचे मंत्रिमंडळ १९३९ मध्ये पायउतार झाल्यावर वालचंद म्हैसूर संस्थानाकडे वळले, आणि कारखाना बंगळुरात निघण्याची चिन्हे दिसू लागली. दरबार अनुकूल होता. हिंदुस्थान सरकार मात्र नव्हते. १९४० च्या डिसेंबरात वालचंदांचा विमानांचा कारखाना येथे निघाला, तोच आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा आरंभ. मोटारीची कंपनी मात्र १९४४ मध्ये मुंबईस स्थापन झाली आणि तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. फियाट तेथूनच बाहेर पडू लागली.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. जे येथे गाडी बनविणार नाहीत त्यांनी केवळ सुटे भाग जोडून विकू नये, असे धोरण १९५३ च्या सुमारास ठरले आणि परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरल्या तीनच गाड्या : कलकत्त्याजवळची अ‍ॅम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. मागणी फार व गाड्या थोड्या, असा प्रकार होऊन वाटपावर सरकारी नियंत्रण आले. नाव नोंदवावे, अनामत ठेवावी आणि वाट पाहावी. फियाटसाठी ही वाट वर्षानुवर्षांची असे. १९६९ मध्ये तर सरकारने हुकूम काढून विक्रीच्या किमतीच बांधून दिल्या. त्या परवडत नाहीत म्हणून कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. कारखानदार, सरकार, आयोग आणि न्यायमूर्ती अशा साऱ्यांनी त्या किमतीचा कीस काढला. गिऱ्हाईक तेवढे त्या वादात कोठे नव्हते.

कागदावर किंमत बांधलेली असली, तरी जो तो आणखी एक किंमत मोजीतच होता. ज्याला धीर होता तो वर्षे मोजी. ज्याला नव्हता तो नोंदणी लाभलेल्या माणसास वरचे पैसे देई. घासाघिशीला जागाच नव्हती. कारण, नको म्हणून उठून जाण्याची ज्याला सोय आहे तोच घासाघीस करू शकतो.

त्या काळी आम्हां सरकारी नोकरांस एक आधार होता. मोटार घेण्यास सरकार स्वतः अग्रिम देई. गाडी राष्ट्रपतींच्या नावे गहाण लिहून द्यावी लागे, आणि पगारातून आधी मुद्दल व मग व्याज कापून घेतले जाई. आमच्या कचेरीतील एक वयोवृद्ध अधीक्षक मोठ्या अभिमानाने सांगत, "माझी गाडी राष्ट्रपतींकडे गहाण होती!" अर्थात मोटारीचे अग्रिम मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्यांसाठी, कारकुनाची धाव सायकलीच्या, फार तर स्कूटरच्या अग्रिमापर्यंत. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ मध्ये, मोटार व स्कूटर यांची अग्रिमे बंदच झाली. १ जानेवारी २००४ नंतर सेवेत आलेल्या आम्हांस जुना भविष्य निर्वाह निधीही नाही. सरकार सावकार म्हणून निघून गेले आणि त्या आसनावर बँका येऊन बसल्या.

दरम्यान गाड्यांचा तुटवडा सरला होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली. दहा हजार रुपये भरून लक्षावधी लोकांनी नावे नोंदविली होती. १९९३ मध्ये मोटारींचा उद्योग परवान्यातून मुक्त झाला. परदेशी कंपन्या परत आल्या. एक तर बंगळुराजवळ बिडदीस स्थिरावली. रांग संपली आणि गिऱ्हाइकास प्रथमच उठून जाण्याची सोय झाली. आता भाव पाडून मागण्याचे दिवस आले, असे वाटावे, तोच तिसरा पक्ष मध्ये आला.

हप्त्याचा धंदा नवा नव्हे. मद्रासेत १९५४ मध्ये निघालेल्या सुंदरम फायनान्ससारख्या संस्थांनी मालमोटारींसाठी तो रुजविला. जुन्या भाडेखरेदीच्या पद्धतीत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी सावकाराची असे. आज गाडी आपल्या नावावर होते, नोंदणीपुस्तकात बँकेचा बोजा तेवढा चढतो आणि कर्ज फिटल्यावर तो उतरवून घ्यावा लागतो. कायद्याच्या दृष्टीने गिऱ्हाइकाची स्थिती सुधारली. परंतु त्याच्या तोंडचा प्रश्न बदलला. 'केवढ्याला?' याऐवजी तो 'महिन्याला किती?' असे विचारू लागला, आणि येथेच तो हरला.

आम्हांस विक्रेत्याने जो हिशेब दाखविला तोच पाहा. सहा लक्षांचे कर्ज, व्याज दरसाल ९ टक्के. पाच वर्षांत फेडावयाचे तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये. सात वर्षांत फेडावयाचे तर सुमारे ९,६५३. महिन्याला २,८०० वाचले म्हणून मन हरखते. परंतु पाच वर्षांत व्याज जाते सुमारे १ लक्ष ४७ हजार, आणि सात वर्षांत सुमारे २ लक्ष ११ हजार. दुकानदाराकडून दहा हजारांची सूट मिळविण्यास आम्ही तासभर वाद घातला असता, आणि चौसष्ट हजार मात्र हसतमुखाने देऊन आलो असतो! दुसरीकडे आम्हांस 'सपाट ५ टक्के' असा दर सांगण्यात आला. तो स्वस्त भासतो. पण सपाट दर फिटलेल्या मुद्दलावरही चालूच राहतो. पाच वर्षांच्या कर्जास तो घटत्या शिलकेवरील ९ टक्क्यांहून किंचित अधिकच पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेने प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखविणारे पत्रक देणे बंधनकारक झाले आहे. ते मागून घ्यावे व प्रथम तेच वाचावे.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. कर्नाटकात गाडीचा आजन्म कर एकरकमी भरावा लागतो, आणि तो देशातील जड करांपैकी एक आहे. बदली होऊन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिल्यास तेथे पुन्हा नोंदणी आली, आणि येथल्या परताव्यासाठी खेटे आले. सप्टेंबर २०२१ पासून 'भारत' मालिकेची नोंदणी सुरू झाली असून केंद्रीय कर्मचाऱ्यांस ती ओळखपत्रावर मिळू शकते. तीत कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि बदलीबरोबर क्रमांक बदलावा लागत नाही. के. आर. पुरमच्या कचेरीचा 'केए ५३' मिरविण्याचा मोह असल्यास गोष्ट वेगळी!

असो. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच दुकानी गेलो. हप्त्याचे नाव काढू न देता गाडीची, कराची, विम्याची व इतर आकारांची किंमत निरनिराळी लिहून मागितली. 'हाताळणी' या नावाखालची रक्कम कशाची, हे विचारताच ती गळाली. विमा बाहेरून घेण्याची मुभा आहे, हे आम्हांस ठाऊक असल्याचे दिसताच तोही उतरला. एवढे होऊनही गाडी आम्ही त्या दिवशी घेतली नाही. घरी बसून सौभाग्यवतीने व आम्ही हिशेब केला. जो हप्ता आम्ही बँकेस देणार होतो, तेवढीच रक्कम दरमहा आपल्या आवर्ती ठेवीत टाकली, तर सोळा महिन्यांत दोन लक्ष उभे राहतात. मग कर्ज चारच लक्षांचे, आणि पाच वर्षांचा हप्ता सुमारे ८,३०० चा. म्हणजे सात वर्षांच्या त्या मोहक हप्त्याहूनही कमी.

निर्णय मात्र वाटतो तितका सोपा नव्हता. गाडी घ्यावयाची ती मुख्यतः वडिलांसाठी. ते सोलापुरास असतात. वय चौऱ्याहत्तर, आणि गुडघे थकलेले. मुलाच्या गाडीतून एकवार तुळजापुरास जाऊन यावे, एवढीच त्यांची इच्छा. त्या वयात सोळा महिने म्हणजे काय, हे कोणत्याही व्याजाच्या कोष्टकात सापडत नाही. आम्ही भीतभीतच त्यांना फोनवर सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "एकंदर केवढ्याला पडते?" आम्ही व्याजासकट पुरता आकडा सांगितला. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांब सोळा महिने. तोवर एसटी आहेच."

त्यांपैकी सात महिने झाले आहेत.