आईची भाषा, बापाची भाषा

तान्ह्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न बहुतेक घरांत उद्भवतच नाही. फ्रेंच भाषापंडित ज्यूल रोंझा याच्या घरी तो १९०८ साली उभा राहिला. पत्नी जर्मन, पुत्र लुई नुकताच जन्मलेला. दोन भाषांच्या ओढाताणीत मुलाला एकही धड येणार नाही, ही धास्ती त्या काळी सुशिक्षितांतही होती. भाषाशास्त्रज्ञ मॉरिस ग्रामाँ याने सल्ला दिला तो साधा होता: मुद्दाम शिकवू काहीच नका, मात्र प्रत्येक भाषेचे माणूस वेगळे ठेवा. बापाने फ्रेंचच बोलावे, आईने जर्मनच. नियम ऐकायला सोपा. पण लाडात आणि रागातही तो मोडायचा नाही, हे व्रतच म्हणावे लागेल. रोंझाने बाळाच्या बोलण्याची टिपणे ठेवली आणि १९१३ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. लुईने दोन्ही भाषा आपल्याशा केल्या होत्या; कोणाशी कोणती बोलायची, हेही त्याला उमगले होते. (बापाचा स्वतःचा जीव रमे तो दक्षिण फ्रान्सच्या ओक्सितान भाषेत, या वाटणीत तिला जागा नव्हती.)

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. बापाचा देश आणि आईचा देश एकमेकांवर शस्त्र उगारून उभे ठाकले. रोंझाने स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हाचा आश्रय घेतला. १९२५ साली त्याचा अंत झाला.